क्लच कळला की घाट कळतो : मुलांना गिअरची गाडी शिकवण्याआधी



बारावीची परीक्षा संपली की बऱ्याच घरांत एक नवा विषय निघतो. मुलाला किंवा मुलीला अठरा पूर्ण झालेली असतात, निकालाला अजून वेळ असतो, आणि एके दिवशी जेवताना हळूच प्रश्न येतो, "आई, मी गाडी शिकू का?" आमच्याकडेही तसंच झालं. आम्ही त्याला तालुक्याच्या गावातल्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये घातलं. पंधरा दिवस रोज सकाळी अर्धा तास. चिरंजीव खूश. सोळाव्या दिवशी मी शेजारी बसले आणि त्याने गाडी अगदी व्यवस्थित मैदानाला फेरी मारून आणली. मग मी सहज विचारलं, "क्लच दाबल्यावर नेमकं काय होतं रे?"

तो म्हणाला, "गिअर पडतो."

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. घरचाच विद्यार्थी असा निघाला म्हटल्यावर आधी हसू आलं, पण नंतर विचार करत बसले. कारण मी स्वतः एक्केचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले ती अशीच. 'क्लच दाब, गिअर टाक, हळू सोड, रेस दे', एवढा मंत्र पाठ. शिकवणाऱ्या दादांच्या पायाखालीसुद्धा क्लच आणि ब्रेक होते. माझी गाडी बंद पडत नव्हती याचं श्रेय मी स्वतःला देत होते, प्रत्यक्षात अर्ध्या वेळा क्लच तेच सांभाळत होते! पाठांतरावर परीक्षा पास होता येते हे आपल्याला शिक्षकांना वेगळं सांगायला नको. गाडीचंही तसंच आहे. सपाट रस्त्यावर पाठांतर चालून जातं. घाटात चालत नाही. ते मला कसं कळलं हे पुढे सांगतेच, आधी क्लचचं बघू.

हा प्रयोग घरात किंवा वर्गात बसल्या जागी करता येतो. दोन्ही तळहात समोरासमोर धरा. उजवा तळहात म्हणजे इंजिन. बरणीचं झाकण फिरवतो तसा तो फिरवत राहायचं. डावा तळहात म्हणजे चाकाकडे जाणारा भाग, तो सैल सोडायचा. हात एकमेकांपासून लांब आहेत तोवर उजवा कितीही फिरला तरी डाव्याला काही कळत नाही. आता हात हलकेच टेकवा. उजवा घसरतो, डावा थोडासा ओढला जातो, आणि दोन्ही तळवे गरम होतात. आता घट्ट दाबा. उजव्याबरोबर डावाही फिरायला लागतो, घसरणं थांबतं, गरम होणंही थांबतं.

क्लच म्हणजे एवढंच. इंजिनच्या बाजूला फ्लायव्हील नावाची जड चकती असते, तिच्याजवळ क्लच प्लेट आणि तिला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. आपण पेडल दाबतो तेव्हा हे तळवे जोडले जात नाहीत, सुटे होतात. मुलांची इथेच गफलत होते. पेडल वर म्हणजे जोडलेलं, पेडल खाली म्हणजे तोडलेलं. हे उलटं नातं एकदा नीट बसलं की पुढचं अर्धं काम झालं समजा.

हा जोड मुळात तोडायचा कशाला, असं एखादा हुशार मुलगा विचारतोच. इंजिनला थांबून चालत नाही. गाडी सिग्नलला उभी असली तरी ते मिनिटाला साधारण आठशे फेरे मारत असतं, आणि चाक तर स्थिर असतं. फिरणारी आणि थांबलेली वस्तू एकदम जोडली तर एक तर गाडी गचका खाऊन पुढे उडी मारेल, नाहीतर इंजिन बंद पडेल. नवशिक्याच्या हातून दोन्ही होतं. म्हणून मध्ये तो हलकेच टेकवण्याचा टप्पा लागतो. गॅरेजवाले ज्याला 'हाफ क्लच' म्हणतात तो हाच. पहिल्यांदा गाडी हलवताना तो आवश्यक आहे, आणि नंतर कायम टाळायचा आहे, कारण तळवे गरम होतात ते याच टप्प्यात.

आमच्याकडे मी मुलाला पहिला तास रेस न देता फक्त हाच बिंदू शोधायला लावला. सपाट, मोकळं मैदान. क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर, हँडब्रेक खाली, उजवा पाय ब्रेकवरून नुसता उचलून जवळ तयार. मग डावा पाय टाच टेकवून इतका हळू वर आणायचा की शेजारी बसलेल्याला कंटाळा यावा. एका जागी इंजिनचा आवाज किंचित खाली बसतो, बोनेट थोडंसं श्वास घेतल्यासारखं उचलतं, आणि गाडी सरकू लागते. तिथेच पाय थांबवायचा, दोन सेकंद मोजायची, मग उरलेला सोडायचा. आमची डिझेल गाडी रेसशिवाय अशी सहज निघते. पेट्रोलच्या छोट्या गाडीला कदाचित किंचित रेस द्यावी लागेल. वीस वेळा हेच केलं. एकविसाव्या वेळी तो म्हणाला, "आई, पायाला कळतंय गं!" मला हेच हवं होतं. डोक्याला कळलं आणि पायालाही कळलं.

गिअरचं फार लांबवत नाही, कारण गिअरची सायकल चालवलेल्या मुलांना ते लगेच समजतं. चढाला मागचं मोठं चक्र, पाय भरभर फिरतात पण जोर लागत नाही. सपाटीला छोटं चक्र, पाय सावकाश, सायकल पळते. गाडीतही तेच. बऱ्याच छोट्या गाड्यांत पहिल्या गिअरला इंजिनचे चौदाएक फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो, पाचव्याला तीन-साडेतीन फेऱ्यांतच. म्हणजे पहिला गिअर ताकदीचा, पाचवा वेगाचा. किती वेगाला कोणता गिअर याचे आकडे गाडीगाडीला बदलतात. दहा-पंधराला दुसरा, पंचवीस-तीसला तिसरा, चाळीस-पंचेचाळीसला चौथा, साठच्या पुढे पाचवा, असं ढोबळ धरून चालायला हरकत नाही. खरा गुरू मात्र कान. इंजिन ओरडत असेल तर वरचा गिअर मागतंय, धडधडत-थरथरत असेल तर खालचा. आणि गिअर बघायला मान खाली घालायची नाही! बंद गाडीत बसून, डोळे समोर ठेवून, पहिला-दुसरा-तिसरा-चौथा हाताने शोधायचा सराव घरच्या पार्किंगमध्येही करता येतो. रिव्हर्स मात्र गाडी पूर्ण थांबल्यावरच. बहुतेक गाड्यांत पुढच्या गिअरांना फेरे जुळवून घेण्याची जी सोय असते ती रिव्हर्सला नसते, म्हणून घाई केली की तो करकर आवाज येतो.

आता ज्या सवयी क्लासमध्ये कोणी सांगत नाही त्या सांगते. धावत्या गाडीत डावा पाय क्लचवर टेकवून ठेवायचा नाही, बाजूला फरशीवर ठेवायचा. पाय नुसता विसावलेला असला तरी तळवे थोडे सैल होतात आणि प्लेट झिजते. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून बसायचं नाही, आतल्या फाट्यांवर भार येतो, शिवाय तो हात स्टेअरिंगवर हवा असतो. सिग्नलला चढावर उभं असताना क्लच अर्धा धरून गाडी तोलायची नाही, हँडब्रेक कशासाठी दिलाय? आणि पाण्याची बाटली पायाशी ठेवायची नाही. ब्रेकच्या पेडलखाली घरंगळलेली बाटली काय करू शकते ते एकदा गाडी उभी असताना मुलाला बाटली खाली ठेवून दाखवा. सैल चपला तशाच. मी साडीवर गाडी चालवते, पण पायात पट्टा असलेली सँडल असते.

चढावर गाडी उचलण्याची सगळ्यांनाच धास्ती असते. मागे ट्रकचा हॉर्न वाजत असतो आणि आपली गाडी मागे घरंगळते. उपाय तोच, पायाला कळलेला बिंदू. हँडब्रेक ओढलेला ठेवायचा, पहिला गिअर, थोडी रेस, क्लच त्या बिंदूपर्यंत. गाडीचं नाक उचललं, ती हँडब्रेकशी ओढाताण करू लागली, की मग हँडब्रेक सोडायचा. आधी नाही. मागच्याला वाजवू दे. तो काय आपल्या क्लचचं बिल भरणार आहे?

थांबताना उलट चूक होते. घाबरलेला नवशिका आधी क्लच दाबतो, मग ब्रेक. क्लच दाबला की इंजिनचा अटकाव गेला, गाडी मोकळी धावते. म्हणून नेहमीच्या थांबण्यात आधी ब्रेक, वेग बराच कमी होऊन गाडी थरथरण्याच्या बेतात आली की मग क्लच. एकदम जोरात थांबायची वेळ आली तर दोन्ही पाय एकदम दाबायला हरकत नाही, तेव्हा गाडी थांबणं महत्त्वाचं.

इथवर आलात तर आता घाटाचं सांगते.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, आम्ही कराडहून चिपळूणला लग्नाला निघालो होतो. गाडी मी चालवत होते, शेजारी मिस्टर, मागे सासूबाई आणि दोन मुलं, डिकीत आहेराचं सामान. पाटण मागे पडलं, कोयनेचा परिसर संपला आणि कुंभार्ली घाटाचा उतार लागला. मिस्टर म्हणाले, "न्यूट्रल कर की, उतारच आहे. तेवढंच डिझेल वाचेल." खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. त्यांच्या वडिलांनी जुन्या गाडीवर तसंच केलेलं, आमच्या ओळखीतले अर्धे लोक तसंच करतात. मी गिअर काढला. गाडी छान तरंगत निघाली. आवाज नाही, काही नाही. वळण आलं की ब्रेक, पुन्हा सोडायची, पुन्हा ब्रेक. दहा मिनिटांनी सासूबाई म्हणाल्या, "काहीतरी जळाल्याचा वास येतोय गं." पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर पेडल मऊ. खाली जातंय, आणखी खाली जातंय, गाडी मात्र म्हणावी तशी थांबत नाही.

त्या वेळी मला शास्त्र आठवलं वगैरे काही नाही. क्लच दाबून तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन एवढ्या मोठ्यांदा ओरडलं की मुलं दचकली. पण गाडीला कोणीतरी मागून धरल्यासारखं झालं. मग ब्रेक दोन-तीनदा भरभर दाबून थोडा जोर आला, दुसरा गिअर टाकला, डोंगराच्या बाजूला जरा रुंद जागा दिसली तिथे हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी लावली. पुढच्या चाकांतून धूर येत होता. मिस्टर बाटलीतलं पाणी ओतायला निघाले, तेवढ्यात मागून आलेला ट्रक थांबला आणि वरून ड्रायव्हर काका ओरडले, "ओ साहेब, पाणी नका मारू, डिस्क तडकंल!" ते खाली उतरले, चाकांकडे बघितलं आणि मला एकच विचारलं, "ताई, न्यूट्रलला होता ना?" मी मान हलवली. म्हणाले, "ज्या गिअरात हा घाट चढला असता, त्याच गिअरात उतरायचा. माझ्यात पंधरा टन माल हाय. मी ब्रेकवर उतरलो असतो तर आज चहा प्यायला शिल्लक नसतो." अर्धा तास थांबून, चाकं आपोआप निवल्यावर, ते पुढे आणि आम्ही मागे, दुसऱ्या गिअरात पोफळीपर्यंत उतरलो.

घरी आल्यावर मी वहीत हिशेब मांडला. तो आता दर वर्षी नववीच्या 'कार्य आणि ऊर्जा' या पाठाला फळ्यावर मांडते आणि मुलं एरवीपेक्षा जास्त लक्ष देतात. पोफळीचं नाव मुलांना ठाऊक असतं ते कोयनेच्या विजेमुळे. धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली येतं ते पावणेपाचशे मीटरच्या आसपास, आणि त्या पडण्यातून जनित्रं फिरतात. रस्ता त्याच डोंगरावरून खाली येतो, म्हणून हिशेबापुरती आपली उतरणही तेवढीच धरू. माणसं आणि सामानासह गाडी १२०० किलोची. स्थितिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. १२०० गुणिले १० गुणिले ४७५, म्हणजे ५७ लाख ज्यूल. पाण्याची ती ऊर्जा वीज होते. गाडीची कुठे जाणार? खाली पोचताना आपला वेग तेवढाच हवा असेल तर ती सगळी कुठेतरी खर्ची पडलीच पाहिजे. थोडी हवेत जाते, थोडी टायरमध्ये. न्यूट्रल केलं असेल तर उरलेली जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. ५७ लाख ज्यूल म्हणजे किती? नळाचं २० अंशांचं १७ लिटर पाणी उकळायला लागेल तेवढी उष्णता. लग्नाकार्यात मिळतो तो वीस लिटरचा जार डोळ्यांसमोर आणा, तो जवळजवळ भरून. तेवढं पाणी उकळवण्याचं काम आपण तळहाताएवढ्या पॅडकडून करून घेत होतो.

पेडल मऊ का झालं तेही नंतर मिस्त्रींनी सांगितलं. ब्रेकचा जोर पेडलकडून चाकाकडे ब्रेक ऑइलमधून जातो. द्रव दाबला जात नाही म्हणून हे चालतं, पास्कलचा नियम. पण हे ऑइल हवेतली ओल शोषतं. बऱ्याच गाड्यांत वापरतात ते 'डॉट ४' प्रकारचं ऑइल ताजं असताना २३० अंशांच्या आत उकळू नये असं प्रमाण आहे, ओल धरलेल्यासाठी तेच प्रमाण १५५ अंशांवर येतं. ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ मात्र दाबली जाते. आपण पेडल दाबतो ते बुडबुडे दाबण्यातच जातं. आमचं ऑइल गाडी घेतल्यापासून बदललेलंच नव्हतं. इंजिनचं ऑइल आपण आठवणीने बदलतो, ब्रेकचं कोणाच्या लक्षातच नसतं. तुमचं शेवटचं कधी बदललंय ते आजच सर्व्हिसच्या कागदावर बघा. दोन वर्षांच्या वर झाली असतील तर बदलून घ्या.

गाडी गिअरमध्ये असली की वेगळं काय होतं? पाय रेसवरून काढला की चाकं उलट इंजिनला फिरवू लागतात. इंजिनला आत हवा ओढणं, दाबणं, घर्षण यात ती ऊर्जा खर्च करावी लागते आणि उष्णता रेडिएटरवाटे बाहेर जाते. म्हणजे त्या १७ लिटरांपैकी मोठा वाटा उकळवायचं काम इंजिनने घेतलं. ब्रेक फक्त वळणाआधी, थोडा वेळ, ठाम दाबायचा आणि सोडून द्यायचा, म्हणजे त्यालाही निवायला वेळ मिळतो. पाय सतत हलका टेकवून उतरणं सगळ्यात वाईट.

आणि ज्यासाठी हे सगळं केलं त्या डिझेलचं काय? इथे मला सगळ्यात जास्त राग आला, स्वतःचाच. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत, पेट्रोल असो वा डिझेल, गिअरमध्ये उतरताना रेसवरून पाय काढला की संगणक इंधन तोडून टाकतो. चाकंच इंजिन फिरवत असतात, इंधन कशाला हवं? न्यूट्रल केलं की मात्र चाकांचा संबंध संपला, आणि इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला इंधन पाजावं लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये डिझेल वाचत नाही, उलट जळतं! जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत थोडं वाचत असेलही. तेव्हाची सवय बापाकडून मुलाकडे आली आणि मधल्या काळात गाडीच बदलली हे कोणी सांगितलं नाही.

उतारावर चावी बंद करणारेही बघितलेत. तसं करणं तर याहून भयंकर. इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टेअरिंग जड, ब्रेकला मदत करणारा पोकळीचा दाब दोन-तीन वेळा दाबण्यात संपला, आणि चावी काढली तर स्टेअरिंगच लॉक.

घाटातल्या अरुंद रस्त्यावर समोरून कोणी चढत येत असेल आणि दोघांना जागा नसेल तर उतरणाऱ्याने थांबायचं, चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हा नियम आहे, नुसती रीत नाही. चढणाऱ्याला मध्येच थांबून पुन्हा गाडी उचलणं किती अवघड असतं ते क्लच समजलेल्याला सांगावं लागत नाही.

काही पालक म्हणतात, एवढा त्रास कशाला, सरळ ऑटोमॅटिक घ्यावी. घ्या की. पण घाट तिलाही सुटत नाही. तिच्यातही खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते आणि ती कुठे आहे हे वापरणाऱ्याला माहीत हवं. शिवाय मुलगा उद्या मित्राची गाडी हातात घेईल ती गिअरचीच असायची शक्यता बरीच.

अजून एक गोष्ट, विशेषतः लहान मुलं असलेल्या घरांसाठी. गाडी लावताना आपण हँडब्रेक ओढतो आणि गिअरही टाकून ठेवतो. ते बरोबरच आहे. सपाटीला किंवा चढाकडे तोंड असेल तर पहिला, उताराकडे तोंड असेल तर रिव्हर्स, आणि उतार असेल तर चाकं कडेच्या बाजूला वळवलेली. पण गिअरमध्ये असलेली गाडी क्लच न दाबता स्टार्टर मारला तर त्या स्टार्टरच्या जोरावरच उडी मारते. काही गाड्या क्लच दाबल्याशिवाय चालू होत नाहीत, सगळ्या तशा नसतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाचवी-सहावीतलं पोर "बाबा, मी गाणी लावतो" म्हणून चावी फिरवतं आणि समोर कोणीतरी सायकल घेऊन उभं असतं. म्हणून आमच्याकडे दोन नियम आहेत. चावी खुंटीवर नाही, कपाटात. आणि मोठ्यांनीसुद्धा बसल्याबरोबर आधी क्लच पूर्ण दाबायचा, दांडा हलवून न्यूट्रल बघायचा, मगच चावी.

अठराच्या आत "फक्त गल्लीपर्यंत" गाडी देणाऱ्या पालकांशी मी शाळेत नेहमी भांडते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. अठरा झाल्यावरही आधी लर्निंग लायसन्स, पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल', शेजारी लायसन्स असलेला माणूस, आणि किमान तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा. हे तीस दिवस सरावाला पुरतात, पण रोज गाडी काढली तरच. मी रविवारची सकाळ धरली होती आणि ती कमी पडली, मग शाळेच्या आधी अर्धा तास उठावं लागलं.

आमच्या चिरंजीवांना लायसन्स मिळाल्यावर दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा चिपळूणला निघालो. घाटाच्या माथ्यावर मी त्याला गाडी थांबवायला लावली आणि जागा बदलली. "कोणता गिअर?" मी विचारलं. म्हणाला, "चढताना तू कोणता ठेवला असतास?" मी म्हटलं, "तू सांग." त्याने थोडा विचार केला, दुसरा टाकला, आणि निघाला. मागे एक गाडी सारखी हॉर्न देत होती. पहिल्या रुंद जागेला त्याने डावीकडे घेऊन तिला जाऊ दिलं. इंजिन गुरगुरत होतं, ब्रेक वळणाआधी एकदा दाबला जायचा आणि सुटायचा. सासूबाई मागे झोपी गेल्या होत्या. पोफळीला चहाच्या टपरीशी थांबलो तेव्हा मी आधी खाली उतरून चाकाजवळ वाकले. वास नव्हता. मिस्टर तोवर वडापावची ऑर्डर देऊन मोकळे झाले होते, आणि चिरंजीव विचारत होते की पुढे चिपळूणपर्यंत पण मीच चालवू का.